इंग्लंडातलं एक साधंसुधं जंगल: ब्रॅडफील्ड वुड्स, सफक

तांबडीमाती
दर एप्रिलात इथल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर तोच प्रश्न येतो, ब्लूबेल (वसंतात जंगलात फुलणारी निळी रानफुलं) बघायला कुठे जायचं? उत्तरंही ठरलेली. ॲशरिजच्या डॉकी वुडचं नाव हटकून निघतं, कारण फोटो छान येतात. तिथे इतकी झुंबड उडायला लागली की नॅशनल ट्रस्टला (वारसा आणि निसर्ग जपणारी इथली संस्था) फुलोऱ्याच्या दिवसांत तिकीट लावावं लागलं. तरीही फुलांत बसून फोटो काढणारे असतातच. ब्लूबेलची पानं तुडवली की कंदाला अन्न पोचत नाही, आणि मग पुढची काही वर्षं त्या जागी फुलं धड येत नाहीत.

ज्यांना गर्दी नको, कॅफे नको, सेल्फी पॉइंट नको, त्यांच्यासाठी एक नाव देते: ब्रॅडफील्ड वुड्स. सफकमध्ये, बरी सेंट एडमंड्सच्या आग्नेयेला, फेल्शम आणि ब्रॅडफील्ड सेंट जॉर्ज या गावांच्या मध्ये. राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे, सफक वाइल्डलाइफ ट्रस्ट सांभाळतं. मी जवळच राहते, त्यामुळे वर्षभर जाणं होतं.

आधीच सांगून ठेवते, पहिली दहा मिनिटं निराशा होईल. डोंगर नाही, धबधबा नाही, सफक म्हणजे परातीसारखा सपाट. झाडंही फार दांडगी नाहीत. एकेका बुडख्यातून दहा-पंधरा सरळसोट काठ्या वर गेलेल्या, मनगटाएवढ्या जाड. अधूनमधून एखादा जुना ओक. आणि चालता चालता एकदम उघडा तुकडा लागतो, सगळं जमिनीलगत कापलेलं, कडेला फांद्यांचे भारे रचलेले. आमच्याकडे आलेल्या एका काकूंनी विचारलं होतं, "इथे रस्त्याचं काम काढलंय का गं?"

तर ते रस्त्याचं काम नाही. हे जंगल १२५२ पासून असंच पाळीपाळीने कापलं जातंय, आणि त्याच्या नोंदी आहेत. तेव्हा देवगिरीच्या गादीवर यादव कृष्णदेव होता. जंगल बरीच्या मठाच्या मालकीचं. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडीत निघाला, मालक बदलले, कापणी चालूच राहिली. याला इथे कॉपिसिंग म्हणतात. हेझल, ॲश अशी झाडं हिवाळ्यात अगदी खालून कापायची. मुळं जिवंत असतात. वसंतात बुडख्यातून धुमारे फुटतात. ॲशचे धुमारे एका उन्हाळ्यात माणसाच्या उंचीला लागतात. दहा-पंधरा-वीस वर्षांनी, काठी कशाला हवी आहे त्यानुसार, पुन्हा त्याच जागी कापायचं. ओकची काही झाडं मात्र घराच्या तुळयांसाठी मोठी होऊ द्यायची. दरवर्षी जंगलाचा एकेक तुकडा कापणीला येतो, त्यामुळे शेजारी-शेजारी वेगवेगळ्या वयाचे तुकडे दिसतात.

कापलं की जमिनीवर ऊन पोचतं. मातीत कितीतरी वर्षं निपचित पडलेलं बी जागं होतं, सावलीत कसंबसं तग धरून असलेली रोपं जोर धरतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात त्या तुकड्यात फुलांचा नुसता दंगा असतो. इथे फुलझाडांच्या साडेतीनशेहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. मग धुमारे वाढतात, सावली दाटते, फुलं मागे सरतात, आणि नाइटिंगेल या गाणाऱ्या पक्ष्याला हवी तशी गच्च झुडपं तयार होतात. तोवर पलीकडचा तुकडा कापायला आलेला असतो.

म्हणून इथे येताना मान वर करून चालू नका, खाली बघा. सगळ्यात म्हातारी वस्तू खालीच आहे. ॲशचा एक बुडखा आहे, साडेपाच मीटरहून रुंद. मधलं लाकूड कधीच कुजून गेलंय, उरलंय ते धुमाऱ्यांचं वेडंवाकडं कडं. किमान हजार वर्षांचा असावा असा अंदाज आहे. वरच्या काठ्या कालपरवाच्या, मूळ मात्र त्या मठाइतकं जुनं.

वेळापत्रक: मार्चच्या शेवटी पांढरे वुड ॲनिमोन, एप्रिलात फिकट पिवळे ऑक्सलिप, एप्रिलअखेर ते मेचा पहिला पंधरवडा ब्लूबेल आणि जांभळी ऑर्किडं. मेमध्ये रानलसणीचा वास. मेच्या मध्यानंतर वर पानं दाटून येतात आणि खाली अंधार. ऑक्टोबरात अळंब्या.

घाटमाथा
मस्त लेख. रेडिंगहून जवळ नाही, पण नोंद करून ठेवली. शीर्षकात 'साधंसुधं' टाकलंत ते आवडलं. आपल्या लोकांना प्रत्येक ठिकाण 'मस्ट सी' लागतं.

शंकासुर
माझी एक शंका. राष्ट्रीय राखीव क्षेत्र म्हणायचं आणि दरवर्षी झाडं कापायची? आरेत रातोरात झाडं पडली तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. तेच इंग्लंडात केलं की परंपरा, वारसा, फुलांचा दंगा. फुलं सुंदर असतील, पण त्यासाठी जंगल उघडं करायचं हे काही पटलं नाही.

साग_ऐन
मी विदर्भात वनखात्यात नोकरी केली, आता निवृत्त. मुलाकडे बर्मिंगहॅमला दोनदा येणं झालं, हे जंगल मात्र पाहिलेलं नाही. शंकासुर, दोन्ही गोष्टींना 'तोड' म्हणतात म्हणून त्या एक होत नाहीत. आरेत झाडं गेली आणि त्या जागेवर बांधकाम आलं. इथे खुंट जिवंत ठेवलाय आणि जमीन जंगलाचीच राहिली आहे. झाड कापून जंगल संपत नसतं. मुळं उपटली, नांगर घातला, किंवा नवे फुटवे गुरांना खाऊ दिले, तर संपतं.

आमच्याकडेही कूप (पाळीने कापायचे तुकडे) पाडायचे, सागाला खुंटातून फुटवे येतात हे तिथल्या कोणत्याही वनमजुराला ठाऊक असतं. कार्य आयोजनेत (वनखात्याच्या कामाच्या आराखड्यात) राखीव झाडं सोडून बाकी कापायची पद्धत होती, आणि तिचं इंग्रजी नावही 'कॉपिस'नेच सुरू व्हायचं. उगाच नाही, १८८५ पासून हिंदुस्थानातल्या जंगलांसाठीचे साहेब सरेमधल्या कूपर्स हिलच्या कॉलेजात शिकायचे, १९०५ मध्ये ते शिक्षण ऑक्सफर्डला हललं. फरक इतकाच की आमच्याकडे कूप कापल्यानंतर चराई आणि वणवा आवरणं फार अवघड जायचं. तुमच्याकडे ८०० वर्षांपूर्वी गुरं कशी आवरली, ते सांगा.

तांबडीमाती
साग_ऐन सर, नेमकं विचारलंत. उत्तर अजून जमिनीवर दिसतं. जंगलाच्या कडेने चाललात की एक मातीचा बांध आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला चर लागतो. चरातली माती आत टाकून बांध घातलेला, वर कुंपण. गुरं बाहेर, धुमारे आत. शिवाय मालकीची हद्दही ठरली. आज तो बांध झिजून, झाडं उगवून ओळखू येत नाही, पण एकदा नजर बसली की इंग्लंडातल्या कितीतरी जुन्या जंगलांच्या कडेला दिसायला लागतो. हद्द सरळ रेषेत नसते, नागमोडी असते. सरळ रेघेत आखलेलं जंगल दिसलं तर ते बहुधा अलीकडचं समजावं.

ही नजर लोकांना दिली ती ऑलिव्हर रॅकहम या केंब्रिजच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने. २०१५ मध्ये गेले. जुने दस्त वाचायचे आणि मग तेच जंगल पायी तुडवून पडताळायचं, अशी त्यांची पद्धत. ब्रॅडफील्डवरही त्यांनी बरंच काम केलंय.

शंकासुर, तुमच्या आरेसारखी गोष्ट इथेही घडली आहे. याच जंगलाला लागून मंक्स पार्क वुड होतं, मठाचं हरणं पाळायचं रान. १९६०च्या दशकात त्याचा मोठा भाग मुळासकट उखडून शेतं केली. सातशे वर्षं कुऱ्हाडीने जे झालं नाही ते बुलडोझरने काही हंगामांत केलं. उरलेलं वाचलं ते गावकरी आणि निसर्गसंस्था मधे पडल्या म्हणून. आणि तोवर जवळच्या लिटल वेल्नेथममध्ये दाताळी बनवायचा एक कारखाना चालू होता, त्याला इथल्या काठ्या लागायच्या. गिऱ्हाईक होतं म्हणून जंगल होतं.

देवगडी
हे वाचताना गावचं रान आठवलं. आमच्याकडे ऐन, किंजळाची कवळं तोडतात. झाडावर चढून फांद्या छाटायच्या, वाळवायच्या आणि तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागेवर जाळून भाजवळ करायची. दरवर्षी छाटून छाटून ऐनाचं झाड खांबासारखं होतं, वर गाठीगाठी. नवख्या माणसाला वाटतं झाडाला रोग झालाय. ते झाड आमच्या आज्याच्या वेळेपासून तसंच उभं आहे.

आणि त्याच गावात देवराई. तिथे वाळकी काठी उचलायची सोय नाही, उचलायची असेल तर देवाला कौल लावायचा. एका रानाला रोज हात लावायचा, दुसऱ्याला अजिबात नाही, आणि दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली. आता कवळं तोडायला माणूस नाही, युरियाची गोण मिळते. ऐन मोकळे वाढतात, मग एखादा ठेकेदार येतो आणि सगळं डोंगरच भावाने उचलतो.

चकलीचा_सोऱ्या
देवगडी, +१. माझ्या आजोळी अगदी हेच. वेगळा धागा काढा यावर.

तांबडीमाती
देवगडी, तुमच्या ऐनाचे भाऊबंद इथे बर्नम बीचेसमध्ये आहेत, स्लाउच्या उत्तरेला. तिथले बीच वृक्ष असेच माणसापेक्षा उंचावर छाटलेले, कारण खाली गुरं चरायची आणि धुमारे त्यांच्या तोंडाला लागू नयेत म्हणून. १८८० मध्ये लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने ते रान विकत घेतलं, घरं होऊ नयेत म्हणून. लंडन, स्लाउकडच्या मंडळींना ते जवळ पडेल. गर्दी असते, पण आतल्या बाजूला गेलात की शेकडो वर्षांचे पोकळ बुंधे आहेत, एकेकासमोर उभं राहून बघत बसावं असे.

लंडनची_सून
ताई, छान माहिती. मला जरा व्यवहारी प्रश्न आहेत, हसू नका. एप्रिलमध्ये आई-बाबा येताहेत, दोघंही सत्तरीपुढचे, आईचे गुडघे दुखतात. १) चिखल किती? २) स्वच्छतागृह? ३) साप, जळवा? ४) गाडी नसेल तर? ५) आणि हे जरा स्पष्टच विचारते: अशा आडगावी आपण साड्या-शाली घालून दिसलो तर कोणी हटकत नाही ना? एका शेताच्या कडेने चालताना एका गृहस्थांनी 'हरवलात का' असं ज्या सुरात विचारलं, त्यानंतर मन जरा बिचकतं.

तांबडीमाती
हसण्यासारखं काही नाही, सगळ्यांच्या मनात हेच असतं.

चिखल: भरपूर. इथली माती हिमयुगातली चिकणमाती, पाणी जिरतच नाही. एप्रिलात गमबूट हवेत. आईंच्या गुडघ्यांसाठी हे जंगल एप्रिलात नकोच. त्यांना मेच्या दुसऱ्या आठवड्यात, चार दिवस कोरडे गेल्यावर आणा. नाहीतर इसेक्समधलं हॅटफील्ड फॉरेस्ट बघा, नॅशनल ट्रस्टचं आहे, गाडी लावायची सोय, कॅफे, स्वच्छतागृहं सगळं आहे आणि तिथेही जुनी छाटलेली झाडं भरपूर आहेत. स्टॅन्स्टेड विमानतळाच्या शेजारीच, म्हणजे आई-बाबांना आणायला गेलात तर परस्पर जाता येईल!

स्वच्छतागृह: अशा लहान जंगलांत असेलच असं धरून चालू नये. बरीत आटपून निघा.

जळवा: जमिनीवरच्या जळवा इंग्लंडात नाहीत. विषारी साप एकच, ॲडर, आणि तो माळरानात जास्त. या ओल्या चिकणमातीच्या जंगलात गवत्या सापच दिसला तर दिसेल. खरी काळजी गोचिडीची. हरणं आहेत म्हणजे गोचिडी आहेत. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत बघा. चिकटली असेल तर पिळायची नाही, तूप-रॉकेल लावायचं नाही. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरकडे) जाऊन गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, लाइम रोगावर वेळेत औषध मिळालं तर तो बरा होतो.

गाडी नसेल तर: केंब्रिज-इप्सविच मार्गावरच्या गाडीने बरी सेंट एडमंड्स स्टेशन, पुढे टॅक्सी. परतीची टॅक्सी आधीच ठरवा, कारण खेड्यांतल्या बसचा रविवारी भरवसा नाही आणि जंगलात फोनची रेंज जाते.

घाटमाथा
पाचव्या प्रश्नावर मी लिहितो, कारण यावर कायदा ठाऊक असला की पाठीचा कणा ताठ राहतो. खेड्यातली 'पब्लिक फुटपाथ' म्हणजे मालकाने दिलेली मेहेरबानी नव्हे, चालण्याचा हक्क आहे. १९४९ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला घेतले. वाटेवर पिवळा बाण असेल तर पायी, निळा असेल तर घोडा आणि सायकलही. शेत कोणाचंही असो, त्या वाटेने तुम्ही साडीत चाला की नऊवारीत. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी 'एक्सप्लोरर' नकाशा घ्या, त्यात या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवतात. फोनवरही मिळतो, पण कागदाचा खिशात असलेला बरा.

मात्र सगळं जंगल मोकळं असतं असं नाही. २००० च्या कायद्याने खुलं फिरण्याचा हक्क मिळाला तो मुख्यतः डोंगर, माळ, हीथ (झुडपी माळरान) यांवर. खासगी जंगलात वाट सोडून आत शिरलात तर तो अतिक्रमणच. सरकारी वनखात्याची बरीचशी जंगलं आणि ट्रस्टची राखीव रानं खुली असतात, तेवढं आधी बघून जायचं.

आणि ते गृहस्थ... सूर आपल्याला कळतोच, त्यावर कायदा नाही. मी अशा वेळी मोठ्याने 'मॉर्निंग!' म्हणून चालू लागतो. बहुतेक वेळा उलट 'मॉर्निंग' येतं आणि सोबत कुत्र्याची चौकशी करायची संधी. बहुतेक वेळा, नेहमी नाही.

लंडनची_सून
'नेहमी नाही' लिहिलंत त्याबद्दल आभार. हॅटफील्ड नक्की.

केंब्रिजवाला
माझा जंगलांचा अभ्यास वगैरे नाही, पण हेली वुड माझ्या सायकलच्या टप्प्यात आहे. केंब्रिजच्या पश्चिमेला, लाँगस्टोजवळ. १२५१ मध्ये एलीच्या बिशपच्या जमिनींची मोजणी झाली, त्यात या जंगलाचं नाव आणि ८० एकर अशी नोंद आहे. १९६२ पासून स्थानिक निसर्ग ट्रस्टकडे आहे. शेजारून पूर्वी केंब्रिज-बेडफर्ड रेल्वे जायची. ती बंद पडली आणि रुळांच्या जागी आता झाडी माजली आहे.

तिथे ऑक्सलिपसाठी जावं. हे फूल इंग्लंडात फक्त सफक, इसेक्स आणि केंब्रिजशर जिथे भेटतात त्या पट्ट्यातल्या जुन्या जंगलांत मिळतं. पलीकडे तशीच माती असली तरी नाही. एप्रिलच्या मध्यावर अख्खी जमीन फिकट पिवळी व्हायची म्हणे. मग हरणं वाढली. ऑक्सलिप हा त्यांचा आवडता खाऊ, त्यामुळे फुलं भराभर घटली आणि शेवटी जंगलाचा भाग उंच जाळीच्या कुंपणात घालावा लागला. जाळीच्या आत आणि बाहेर यांतला फरक शाळकरी पोरालाही कळेल.

यातलं एक हरीण आपल्या ओळखीचं आहे. सह्याद्रीत भेकर भुंकतं ना, त्याचाच चिनी चुलतभाऊ मुंटजॅक. बेडफर्डच्या ड्यूकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वोबर्नच्या बागेत हौसेने आणला, तिथून सुटला, आणि आता दक्षिण इंग्लंडभर आहे. संध्याकाळी जंगलात अचानक भुंकणं ऐकू आलं तर कुत्रा समजू नका.

साग_ऐन
म्हणजे कूप कापून झाल्यावर चराईचा प्रश्न तुम्हालाही सुटलेला नाही! मला उगाच हेवा वाटत होता.

तांबडीमाती
नाही ना सुटलेला. ब्रॅडफील्डला ताज्या कापलेल्या तुकड्याभोवती कापलेल्याच फांद्या रचून कुंपण घालतात. दोन-तीन वर्षं धुमारे हरणाच्या तोंडावर गेले की काम झालं. तेवढी वर्षं निभावली नाहीत तर बुडखा खाऊन खाऊन मरतो. बांध गुरांसाठी पुरेसा होता. हरणाला तो उडी मारायला बरा.

शंकासुर
वाचतोय सगळं. खुंट जिवंत राहतो हे मान्य. पण मुद्दा सोडत नाही. हंटिंग्डनजवळ मंक्स वुड म्हणून जंगल आहे (तुमच्या मंक्स पार्कशी संबंध नाही). त्याला लागून एक शेत होतं, चार हेक्टर. १९६१ मध्ये तिथे शेती थांबवली आणि मुद्दाम काहीच केलं नाही. ना लावणी, ना कापणी. जे नावाच्या पक्ष्याने ओकची फळं आणून मातीत पुरली, काही खायची विसरला, आणि आज तिथे उभं जंगल आहे. माणसाने हात मागे घेतला की रान आपलं आपण बघतं. देवगडींची देवराईसुद्धा माझ्याच बाजूने साक्ष देते.

तांबडीमाती
मंक्स वुडचं उदाहरण चोख आहे आणि मला ते जंगल आवडतं. पण दोन गोष्टी. एक, शेजारी जुनं जंगल होतं म्हणून बी आलं. मैलोन्‌मैल गव्हाची शेतं असलेल्या जागी तेच केलंत तर इतक्या लवकर होणार नाही. दुसरी, झाडं पक्षी आणतो, पण वुड ॲनिमोन कोण आणणार? ते मुळांनी सरकतं, शंभर वर्षांत सहा फूट असं म्हणतात. बियाणं फारसं रुजत नाही. तुमच्या साठ वर्षांच्या जंगलात ओक असतील, खालचा गालिचा नसेल. इथे जुनं जंगल म्हणजे निदान १६०० पासून अखंड जंगल असलेली जमीन, असं धरतात ते त्यासाठी. तशी जमीन आता अख्ख्या ब्रिटनच्या दोन-अडीच टक्केच आहे.

जिथे काही नाही तिथे हात मागे घ्या, माझी ना नाही. पण जे सातशे वर्षं कापून घडलंय ते अचानक कापायचं थांबवलं तर देवराई होत नाही, नुसतं काळोखं खुराडं होतं. असं इंग्लंडभर झालंय. आधी कोळसा आणि लोखंडी तार, मग प्लॅस्टिक आलं, काठ्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, जंगलं वाढून अंधारली. नाइटिंगेल गेल्या पन्नासेक वर्षांत नव्वद टक्क्यांच्या घरात घटला, त्यात आफ्रिकेतल्या हिवाळी मुक्कामाचा वाटा असेलच, पण इथे गच्च झुडपं उरली नाहीत आणि उरली ती हरणांनी साफ केली, हेही आहे.

शंकासुर
ॲनिमोनचा मुद्दा विचार करण्यासारखा. काळोखं खुराडं हा तुमचा चष्मा झाला. भुंगेऱ्यांना, अळंब्यांना कुजकं लाकूड आणि काळोखच लागतो. निम्मं कापा, निम्मं सोडा.

साग_ऐन
हे शेवटचं वाक्य कार्य आयोजनेत घालण्यासारखं आहे.

अटकेपार
एक्सेटरहून. सोडून दिलेलं जंगल बघायचं तर डार्टमूरवरचं विस्टमन्स वुड. दगडांच्या राशीतून उगवलेले खुजे, पिळवटलेले ओक, दगडांवर, फांद्यांवर सगळीकडे शेवाळ आणि दगडफूल. टू ब्रिजेसपासून चालत दोनेक किलोमीटर. पण नम्र विनंती, आत शिरू नका. समाजमाध्यमांवरच्या फोटोंनी तिथे रीघ लागली, शेवाळ पावलांनी सोलून निघालं, आणि आता कडेनेच बघा असं आवाहन केलेलं आहे. कडेनेही सगळं दिसतं. तरी लोक 'फक्त एक फोटो' म्हणून आत जातात, त्यात आपली मंडळीही पाहिली आहेत.

चकलीचा_सोऱ्या
ब्लूबेल घरी आणून कुंडीत लावले तर चालतात का? सासूबाईंना फार आवडले.

अटकेपार
नाही चालत. जागामालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप मुळासकट उपटणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि रानातले ब्लूबेल विकायलाही १९९८ पासून बंदी. जगातले जवळपास निम्मे ब्लूबेल ब्रिटनमध्ये आहेत, म्हणून ही काळजी. नर्सरीतून घ्या, पण पाटी वाचून. स्पॅनिश जातीचे घेतलेत तर ते देशी फुलांशी संकर करतात. देशीची दांडी एका बाजूला झुकते, वास गोड. स्पॅनिश ताठ उभा आणि वास जवळजवळ नाहीच.

घाटमाथा
गेल्या आठवड्यात कामासाठी इप्सविचला होतो, वाट वाकडी करून ब्रॅडफील्डला जाऊन आलो. तांबडीमाती, एक तक्रार! कोणी 'शांत' म्हणून गेलं तर फसेल. अर्धा तास चिफचॅफ आणि रानकबुतरं ऐकली, आणि मग डोक्यावरून लढाऊ विमान असं गेलं की छातीत धस्स झालं.

तांबडीमाती
ते लेकनहीथ. अमेरिकी हवाई दलाचा तळ आहे वायव्येला. कामाच्या दिवशी जास्त. शनिवार-रविवारी बरंच कमी असतं, आणि पहाटे पाचला तर काहीच नाही. मेमध्ये पहाटे जा, तसाही पक्ष्यांचा गलका तेव्हाच असतो. शांततेची माझी व्याख्या मोटारींचा आवाज नसणं एवढीच आहे.

तो मोठा बुडखा दिसला का?

घाटमाथा
दिसला. धुमाऱ्यांचे शेंडे वाळल्यासारखे वाटले काही ठिकाणी. एप्रिल होता म्हणून, की रोग?

तांबडीमाती
त्याच बुडख्याचं नेमकं सांगत नाही, पण जंगलभर ॲश डायबॅक आहे. बुरशीचा रोग, ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला, त्याच शरद ऋतूत नॉरफॉकच्या जंगलात दिसला, म्हणजे आमच्या उंबऱ्यातच. कोवळी वाढ लवकर बळी पडते, आणि कापून आलेले धुमारे म्हणजे सगळी कोवळीच वाढ. त्यामुळे ॲश पूर्वीसारखा बिनधास्त कापावा का, हा अवघड प्रश्न झालाय. काही झाडं तग धरतात, त्यांचं बी पुढे येईल या आशेवर आहेत सगळे. हेझलला सुदैवाने हा रोग नाही.

देवगडी
एक कुतूहल. एवढ्या काठ्या आज घेतं कोण? दाताळ्यांचा कारखाना तर गेला.

तांबडीमाती
जळाऊ लाकूड म्हणून बराचसा माल जातो, लाकडाच्या शेगड्या आता पुन्हा आल्या आहेत ना. शिवाय गवती छपराच्या घरांना पेंढा टोचून बसवायला हेझलचे चिरलेले काटे लागतात, कुंपण विणणाऱ्यांना मेखा लागतात. आणि घेवड्याच्या काठ्या. माझ्या भाड्याच्या वाफ्यावर घेवडा आणि दोडका दोन्ही त्यांच्यावरच चढतात. बांबूपेक्षा खडबडीत असल्याने वेल घसरत नाही. कुणाला हव्या असतील तर कापणी संपते तेव्हा, मार्चच्या सुमाराला, आपापल्या जवळच्या वाइल्डलाइफ ट्रस्टकडे चौकशी करा. मेमध्ये वेल लावायला घेतल्यावर धावाल तर उरलेल्या वाकड्या मिळतील.